मोरावळ्याची बरणी

तुळशीचे लग्न लागल्याखेरीज आमच्या घरी आवळा कोणी तोंडात घालत नसे. बोरे, चिंच, आवळा आणि उसाचे कांडे आधी वृंदावनापाशी ठेवायचे, मंगलाष्टके म्हणायची, आणि मगच माणसांनी त्यांना हात लावायचा. लहानपणी मला हा देवाचा अधाशीपणा वाटे. पुढे माझ्या आत्याने एकदा दिवाळीतला आवळा आणि तुळशीच्या लग्नानंतरचा आवळा शेजारी शेजारी कापून दाखवले. पहिला हिरवागार, पाणचट, नुसता तुरट. दुसरा पिवळसर, गर धरलेला, खाल्ल्यावर वर घोटभर पाणी प्यावे तर ते साखरेसारखे लागणारा. "देवाला घाई नसते," आत्या म्हणाली, "म्हणून आधी त्याला विचारायचं." मला वाटते, धर्माविषयी इतके थोडक्यात आणि इतके समंजस बोलणे मी पुढे कोणाकडून ऐकले नाही.

ही आत्या मावळात राहत असे. डोंगराच्या पायथ्याशी घर, मागे परसू, आणि परसाच्या पलीकडे सरळ रान चढत गेलेले. कार्तिक उजाडला की कातकरी बायका डोक्यावर पाट्या घेऊन उतरत. पाटीत डोंगरी आवळे. आज बाजारात जो लिंबाएवढा गुळगुळीत बनारसी आवळा मिळतो तो नव्हे. गोटीहून थोडा मोठा, रेषा उमटलेला, जिभेला चरचरून सोडणारा. आत्या तो मापाने घेई, निवडी, धुई, आणि मग घरातल्या सगळ्या पोरांच्या हातात एकेक सुई देई. आवळा टोचायचा, चहूबाजूंनी, पार बीपर्यंत. नाहीतर पाक आत शिरत नाही. टोचलेले आवळे रात्रभर चुन्याच्या निवळीत पडत. सकाळी पुन्हा धुऊन ते वाफवायचे, पंचावर पसरून निथळायचे, आणि साखरेच्या पाकात मंद आचेवर सोडायचे. पाक दोनतारी झाला, की वर वेलदोड्याची पूड आणि असलेच तर केशर. तो मोरावळा चिनीमातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडके बांधून, फळीवर जाई. संक्रांतीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. आणि तो नियम दर वर्षी कोणीतरी मोडी, अशी परंपरा होती.

आत्या गेली, तिच्या बरणीची वारस मी झाले. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दर कार्तिकात पाच किलो आवळ्यांचा तो सोहळा मी एकटीनेच पार पाडते. बरण्या भरल्या की त्या वाटायच्या. कोणाला पित्त होते म्हणून, कोणाची सून बाळंत होऊन आली आहे म्हणून, कोणाला भूक लागत नाही म्हणून. देताना आपण काहीतरी बोलतोच. मी बोलत असे, "घ्या, गुण येईल." हे दोन शब्द मी किती वेळा बोलले असेन, याचा हिशेब नाही. गेल्या कार्तिकात मात्र ते माझ्या घशात अडकले. त्याचीच ही गोष्ट आहे.

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे माझ्या वयाच्या मानाने. तिला स्वतःला शाळेत जाणारा मुलगा आहे. तिच्या नवऱ्याला क्षय झाल्याचे सप्टेंबरात निदान झाले होते. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळत. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने त्याहून कमी, असा एकूण सहा महिन्यांचा नेम. दोन महिन्यांत खोकला थांबला होता, ताप गेला होता, वजनही थोडे चढले होते. पण गोळ्यांनी मळमळे, लघवी नारिंगी होई, आणि ती पाहिली की त्या बिचाऱ्याला रोज नव्याने भीती वाटे.

"काकू," ती म्हणाली, "ते म्हणतात, आता बरं वाटतंय तर या गोळ्यांची उष्णता कशाला अंगात घ्यायची? त्यापेक्षा तुमचा मोरावळा द्यावा म्हणते मी. रानातला आहे, घरचा आहे, अपाय तरी नाही. सहा महिने नेमाने देईन. गुण येईल ना?"

बरणी माझ्या हातात होती. फडके बांधून झाले होते. आणि तो प्रश्न समोर होता, जो माझ्या आत्याला साठएक वर्षांपूर्वी असाच परसदारी विचारला गेला होता.

तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आत्याच्या शेजारच्या घरातला मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आवळीवर चढण्यात पटाईत. त्याला खोकला लागला. त्याची आई आत्याकडे आली, कारण अर्ध्या गावाचा दवाखाना आत्याच्या फळीवर होता. आत्याने अडुळशाच्या पानांचा रस मधातून दिला, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला दिली, आणि सकाळ-संध्याकाळ मोरावळा. "गुण येईल," ती म्हणाली. आणि गुण आला! आठ दिवस खोकला कमी झाला. मग पुन्हा वाढला. आत्याने मात्रा वाढवली. पुन्हा चार दिवस बरे. असे करता करता चार महिने गेले. मी शिमग्याच्या सुट्टीत गेले, तेव्हा तो पोरगा ओटीवर गोधडी पांघरून बसला होता, आणि त्याच्या गळ्याची हाडे मोजता येत होती. अखेर त्याला पुण्याला नेले. क्षय होता. तो वाचला, सव्वा वर्ष औषधे घेऊन उठला. पण एका बाजूचे फुप्फुस जवळजवळ गेले होते. त्याच्याने पुढे नांगर धरवला नाही, आणि आवळीवर तर तो पुन्हा कधीच चढला नाही.

आत्याला कोणी बोल लावला नाही. हेच तर तिला सोसले नाही. पुढच्या कार्तिकात त्या मुलाची आई नेहमीसारखी वाटी घेऊन आली. मोरावळा मागितला. आत्या आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग बाहेर येऊन तिने वाटी भरून दिली. देताना ती नेहमीचे शब्द बोलली नाही. "घे," म्हणाली, "गोड लागेल."

त्या दिवसापासून मरेपर्यंत, मोरावळा देताना, आत्या एवढेच बोलत आली. मी तिची कृती शिकले, पाक शिकले, निवळी शिकले; तो शब्द तेवढा शिकले नाही. माणूस वारशात बरणी घेतो आणि तिच्यावरची चिठ्ठी फेकून देतो, तसे माझे झाले.

आता विचार करण्याजोगा प्रश्न असा आहे. आत्याने काय पाप केले होते? तिचा हेतू निर्मळ होता. तिने पैसा घेतला नव्हता. तिने दिलेल्या कोणत्याही पदार्थात विष नव्हते. जे तिला ठाऊक होते ते तिने प्रामाणिकपणे दिले. मग दोष कुठे आहे? आणि दोष नसेल, तर ती आयुष्यभर कशाची शिक्षा भोगत राहिली?

आपण साधारणपणे असे धरून चालतो, की औषधाचा धोका औषधात असतो. म्हणून रानातल्या, घरातल्या औषधाचे नाव निघाले की आपण म्हणतो, "गुण नाही आला तरी अपाय नाही." यातला पहिला भाग तर सरळच खोटा आहे. रान काही आपल्या लाडासाठी उगवलेले नाही. गुंजेचे लालभडक बी रानातलेच असते, आणि ते चावून खाल्ले तर जिवावर बेतते. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरे खातात, आणि ओकून ओकून दवाखान्यात पोचतात. धोत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. आवळ्यात असे काही नाही हे खरे. पण आत्याच्या गोष्टीत अपाय आवळ्याने केलाच नाही. अपाय केला तो चार महिन्यांनी. तो वेळ त्या मुलाचा होता, आणि तो "गुण येईल" या दोन शब्दांनी खर्च करून टाकला. बरणीत विष नव्हते. ते बरणीबरोबर दिलेल्या वचनात होते.

चांगल्या हेतूच्या माणसाला आपल्याच करणीचे प्रेम किती आंधळे करते, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 1747 साली जेम्स लिंड नावाचा एक डॉक्टर इंग्रजांच्या 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर होता. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उकलत, आणि माणसे मरत. लिंडने बारा रोगी निवडले, त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. एकीला सफरचंदाची दारू, एकीला शिरका, एकीला चक्क समुद्राचे पाणी. आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळे सहाच दिवस पुरली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर उभा राहिला आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला. इतकी स्वच्छ परीक्षा त्या काळात क्वचितच कोणी केली असेल.

आणि मग या शहाण्या माणसाने काय केले? फळे बोटीवर टिकत नाहीत, म्हणून त्यांचा रस कित्येक तास तापवून आटवायचा आणि बाटलीत भरायचा, अशी कृती त्याने सुचवली. एका अर्थाने हा त्याचा मोरावळाच! पण त्या आटवण्यात रसातले जे तारक द्रव्य होते, ज्याला आज आपण 'क' जीवनसत्त्व म्हणतो, ते बहुतेक नाहीसे होई. त्याचा ग्रंथ 1753 साली निघाला. इंग्रजी आरमाराने खलाशांना लिंबाचा रस नेमाने द्यायचे ठरवले ते 1795 साली, लिंड वारल्यानंतर पुढच्या वर्षी. दिरंगाईला इतरही पुष्कळ कारणे होती. तरी मला त्या आटवलेल्या बाटलीची हुरहूर लागते. ज्याने बारा माणसांवर इतकी कसून परीक्षा घेतली, त्याने आपल्या बाटलीची तशी परीक्षा घेतली नाही. ती आपली होती ना! दुसऱ्याच्या औषधाला आपण प्रश्न विचारतो, आपल्या औषधाला आपण आशीर्वाद देतो.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते सांगितले नाही तर घरगुती कृतींवर अन्याय होईल. दुसऱ्या महायुद्धात बोटींची ये-जा कठीण झाली आणि इंग्लंडात संत्री मिळेनाशी झाली. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी कुंपणांवरच्या रानगुलाबाची लाल फळे तपासली. त्यांत 'क' जीवनसत्त्व भरपूर निघाले. 1941 पासून शरद ऋतूत शाळकरी मुले आणि बायका टोपल्या घेऊन ती फळे वेचू लागल्या, आणि त्यांचे सरबत लहान मुलांना दिले जाऊ लागले. त्या फळांच्या आत बारीक केस असतात, ते पोटात गेले तर त्रास देतात; म्हणून रस नीट गाळावा लागतो. गाळण्याची ही खबरदारी फळांचा मुरंबा करणाऱ्या गृहिणींच्या हाताला सवयीची होती. जीवनसत्त्व मोजणे प्रयोगशाळेला माहीत होते. दोघी एकत्र आल्या. पण लक्षात घ्या, त्या सरबताने काय होईल याचे वचन मोजून दिलेले होते: जे संत्र्यातून मिळाले असते ते यातून मिळेल. त्याहून अधिक नाही. रानफळाचा त्यात अपमान झाला नाही. उलट त्याला त्याची खरी जागा मिळाली.

आपल्याकडे ही जागा ठरवलेली नव्हती असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. च्यवनप्राशाचे नाव घराघरांत आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषीला पुन्हा तारुण्य देणाऱ्या त्या अवलेहाची कृती चरकसंहितेत आहे. त्यात आवळे मोजून पाचशे सांगितले आहेत. पण ज्या रसायनाध्यायात ही कृती येते, त्याच्या आरंभीच चरकाने औषधाचे दोन प्रकार सांगून ठेवले आहेत: एक निरोगी माणसाचे बळ वाढवणारे, आणि दुसरे आजारी माणसाचा रोग हटवणारे. रसायन मुख्यतः पहिल्या प्रकारात बसते. म्हणजे आवळ्याच्या अवलेहाची पाटी कोणत्या दारावर लावायची, हे त्या जुन्या वैद्याला पक्के ठाऊक होते. ती पाटी पुसली आपण.

त्याच अध्यायात पुढे आणखी एक गोष्ट आहे, तिने तर मी चकितच झाले. तिथे चरक आचाररसायन सांगतो. म्हणजे ज्यात आवळा नाही, मध नाही, तूप नाही. केवळ वागणुकीने मिळणारे रसायन. न रागावणारा, मद्यापासून दूर राहणारा, हिंसा न करणारा, गोड बोलणारा, अशा माणसाला रसायनाचे फळ आपोआप मिळते, असे तो म्हणतो. या लांबलचक यादीत सर्वांत पहिला कोण? सत्य बोलणारा. पाचशे आवळे मोजून घेणारे आपण, हे एक द्रव्य मात्र मापात धरत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही शहरातल्या, तुमच्या कोपऱ्यावर डॉक्टर आहे, म्हणून तुम्हाला सत्याची ही चैन परवडते. जिथे दवाखानाच नाही तिथे "गुण येईल" हा शब्दच औषध असतो. तो काढून घेतला तर उरते काय? हा आक्षेप मी हलका समजत नाही. आत्याच्या गावात तेव्हा खरोखरच डॉक्टर नव्हता. आशा ही काही थोडी गोष्ट नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून खरेखुरे आकडे वाचून दाखवणाऱ्या माणसापेक्षा, त्याचे पाय चेपून "होशील बरा" म्हणणारा माणूस मलाही हवासा वाटेल.

पण इथे मला त्या पाटीवाल्या कातकरी बाईची आठवण होते. आम्ही पोरे तिच्याकडे जादूगारणीसारखे पाहत असू. सगळ्या मुळ्या, साली, फळे तिला ठाऊक. आवळे काढताना ती शेंड्याकडचे आवळे झाडावर तसेच ठेवी. मी एकदा मोठ्या भक्तिभावाने विचारले, "पाखरांसाठी ठेवतेस का गं?" ती हसली. "पाखरं कशाची, बाय! आवळीची फांदी ठिसूळ. वर गेलं तर मोडंल, अन् मी बी खाली." आमच्या कवित्वाचा असा तिने दोन वाक्यांत निकाल लावला. आणि एका वर्षी तिच्या तान्ह्या पोराला ताप भरला, तेव्हा ती आत्याच्या दारात आली, ती अडुळसा मागायला नव्हे, मोरावळा मागायला तर नव्हेच. तिने आवळ्यांचे पैसे आगाऊ मागितले. तालुक्याच्या दवाखान्यात जायला एसटीचे भाडे हवे होते. ज्या रानाच्या औषधावर आमचा एवढा विश्वास, त्या रानात जन्म काढलेली बाई पोर कडेवर घेऊन गोळीच्या मागे चालली होती. फांदी कुठवर भार सोसेल, हे तिला ठाऊक होते. आम्हाला नव्हते, कारण आम्ही झाडावर चढलोच नव्हतो. आम्ही नुसते आवळे विकत घेत होतो.

म्हणून मला वाटते, आशा आणि वचन यांत फरक केला पाहिजे. "तू बरा व्हावास" ही आशा आहे; ती द्यायचा प्रत्येकाला अधिकार आहे, तिला पुरावा लागत नाही. "याने तू बरा होशील" हे वचन आहे. त्यावर दुसरा माणूस आपला वेळ, आपला पैसा आणि कधी कधी आपला जीव लावतो. ज्याची परतफेड आपण करू शकत नाही, ते वचन कितीही प्रेमाने दिले तरी ते उधारीवर दिलेले असते. आणि ती उधारी फेडतो तो आजारी माणूस. आत्याचा दोष प्रेमात नव्हता, अज्ञानातही नव्हता. अज्ञान कोणाला नसते? आपल्या अज्ञानाच्या जागी तिने आपले प्रेम ठेवले, आणि ते तिथे बसले असे समजली, एवढाच तिचा दोष. तो तिला कळला, म्हणून तिने शब्द बदलला. जे नक्की ठाऊक होते तेवढेच ती पुढे बोलत राहिली. गोड लागेल. त्याबद्दल तिला कसलीच शंका नव्हती.

हे सारे त्या वेळी दारात उभी असताना माझ्या मनात इतके सुसूत्र आले, असे म्हणणे म्हणजे पुन्हा सत्याशी खेळ होईल. मला एवढेच दिसले: ओटीवर गोधडी पांघरून बसलेला एक मुलगा. मी तिला आत बोलावले, बसवले.

"हे बघ," मी म्हटले, "याने क्षय बरा होत नाही. गोळ्या बंद केल्यास तर तो पुन्हा उठेल, आणि मग याच गोळ्या त्याला जुमानायच्या नाहीत. खोकला थांबला तो गोळ्यांनी. बरणी तुला देते, पण गोळ्यांच्या बदली देणार नाही. आणि मळमळीचं दवाखान्यात सांग. त्यावर ते काही करतील."

तिचा चेहरा उतरला. "तुम्हीसुद्धा डॉक्टरांसारख्याच बोलता," ती म्हणाली. बरणी तिने घेतली, पण ती घेण्यात पूर्वीचा आनंद नव्हता. खरे सांगते, मलाही वाईट वाटले. "गुण येईल" म्हटल्यावर समोरच्या डोळ्यांत जे चमकते, त्याची मला चटक लागलेली होती. सत्य बोलणाऱ्याला रसायनाचे फळ मिळते असे चरक म्हणतो. ते ताबडतोब मिळते असे मात्र त्याने कुठे म्हटलेले नाही.

पंधरा दिवस ती दिसली नाही. मग एके दिवशी बरणी परत आली, घासूनपुसून, आणि रिकामी परत करू नये म्हणून तीत तिळाच्या वड्या घातलेल्या. गोळ्या चालू होत्या. दवाखान्यात मळमळीवर औषध दिले होते, आणि नारिंगी लघवीची भीती नको म्हणून समजावलेही होते. "सकाळी गोळ्या घेतल्या की ते बोटभर मोरावळा चाटतात," ती म्हणाली. "तोंडाची चव जाते ना, म्हणून." मी दुसरी बरणी भरून दिली. मोरावळ्याला त्याची जागा सापडली होती.

मार्चात सहा महिने पुरे झाले. तपासणीत सगळे ठीक निघाले. ती पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "काकू, गोळ्या तर सगळेच घेतात. पण मला विचाराल तर गुण आला तो तुमच्या मोरावळ्याचाच!"

आता आली का पंचाईत! कार्तिकात खरे बोलणे कठीण होते, पण त्याची गरज दिसत होती. आता तर सगळे गोड झाले होते. पेढा हातात होता. गप्प राहिले असते तर कोणाचे काय बिघडत होते? पण तिच्या चाळीत, तिच्या माहेरी, उद्या कोणाला तरी खोकला लागेल. आणि ती माझ्या बरणीची गोष्ट सांगेल. न बोललेले खोटे पायी चालत फार लांब जाते.

मी तिला मद्रासच्या एका प्रयोगाची हकिगत सांगितली. तिथे 1956 साली क्षयावरच्या औषधांचे एक संशोधनकेंद्र निघाले. त्या काळी समज असा, की क्षय बरा करायचा तर डोंगरावरची हवा, विश्रांती, अंडी-दूध आणि आरोग्यधाम हवे. तिथल्या संशोधकांनी गरीब वस्तीतले रोगी घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत औषधे घ्यायला लावली. घरच्यांना ना विश्रांती होती, ना पोटभर सकस अन्न. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषधे नेमाने घेतली, तर घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. या एका प्रयोगाने जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली.

"म्हणजे बघ," मी म्हटले, "अंड्या-दुधाने जिथे फरक पडला नाही, तिथे माझा मोरावळा काय करणार? गुण गोळ्यांनी आला. पण त्या गोळ्या रोज कोणी दिल्या? मळमळ झाली तर कोण बसलं त्याच्यापाशी? बंद कराव्याशा वाटल्या तेव्हा कोणी बंद होऊ दिल्या नाहीत? तू. घरगुती औषध म्हणतात ते हे."

ती काही बोलली नाही. डोळ्यांना पदर लावला. तिला ते पटले की तिने माझे वय पाहून ऐकून घेतले, हे मी सांगू शकणार नाही. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "तरीपण काकू, यंदा एक बरणी ठेवाच हं माझ्यासाठी."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवे लागलेले असतील, ताटात करंज्या-चकल्या असतील, आणि तुळशीचे लग्न अजून व्हायचे असेल. बाजारात आवळे दिसू लागले आहेत, पण मी घेतलेले नाहीत. अजून ते हिरवे आहेत. बरण्या उन्हात घालून ठेवल्या आहेत. चिनीमातीची आत्याची जुनी बरणी मात्र मी वेगळी काढली आहे. ती त्या मुलीसाठी. देताना काय बोलायचे ते या वर्षी मला शोधावे लागणार नाही.